टँकमधले बिनबोलावलेले जीव: न मारता घालवता येतील का?

अक्का_विश्रामबाग (सांगली), १२ मे

नमस्कार. आधीच सांगते, मी मासे पाळणारी नव्हे. टँक मुलाचा. तो गेल्या ऑगस्टात इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना दोन फुटी टँक, एक वही आणि "आई, दिवसातून एकदा चिमूटभर, जास्त नको" एवढा उपदेश मागे ठेवून गेला. तेव्हा आठ गप्पी होते. आता मोजायचं सोडून दिलंय. शिवाय लाल चेरी श्रिंप, म्हणजे चिमुकल्या कोळंब्या आहेत, खाली बारीक वाळू, जावा मॉस नावाचं शेवाळ, व्हॅलिस्नेरियाची लांब पाती आणि कोपऱ्यात स्पंज फिल्टर. पाणी साधारण पन्नास लिटर.

गेल्या दहा-बारा दिवसांत टँकमध्ये भलतीच मंडळी दिसायला लागलीत. नीट सांगते, कारण दुकानदाराला फोनवर "पांढरे किडे" म्हटलं की तो सगळ्याला एकच बाटली सांगतो.

काचेवर आणि पाण्यात पांढरे दोरे आहेत. शेवयांचा चुरा पाण्यात पडावा तसे, पण केसाएवढे बारीक. काचेला चिकटून असतात, सुटले की नागमोडी वळवळत खाली जातात. परवा दुपारी तीन तास लाइट गेली होती, तेव्हा तर शेकड्यांनी वर आले. मला वाटलं आता टँक उतू जातोय.

त्याशिवाय मिठाच्या कणाएवढे ठिपके आहेत. टिचकी मारल्यासारखे टुणकन उडतात, थांबतात, परत उडतात. ते तांदळातल्या किड्यांसारखे, दिसतात पण त्रास देत नाहीत असं मी मनाशी ठरवलंय.

झोप उडवलीय ती तिसऱ्यानं. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले, सहज मोबाइलचा उजेड टाकला, तर काचेवरून एक भुरकट प्राणी सरकत होता. वळवळत नव्हता, सरकत होता, कपड्यावरून इस्त्री फिरावी तसा. डोकंही इस्त्रीच्या टोकासारखं तिकोनी, आणि त्यावर दोन डोळे. डोळे असे की जणू तिरळा बघतोय. लांबी पाऊण-एक सेंटिमीटर. सात मोजले आणि दिवा बंद केला. दिवसा एकही दिसत नाही. श्रिंपची पिल्लं मात्र महिनाभरात दिसलेली नाहीत, आणि त्याआधी मॉसमध्ये लाल राई पेरल्यासारखी असायची.

गोगलगायी तर आहेतच. एक आली होती. आता पावशेर असतील.

मी काय केलं तेही कबूल करते. २०१९ च्या महापुरात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून आम्ही दिवस काढले होते. तोच हात. तुरटीचा खडा टँकमध्ये चार वेळा फिरवला. पाणी आरशासारखं झालं. दोरे तसेच, इस्त्री तशीच, आणि सकाळी सहा श्रिंप मेलेले. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

आता खरी अडचण. आम्ही जैन. घरात नळाचं पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून पितात. सासूबाई माहेरी विहिरीचं पाणी ओढायच्या तेव्हा गाळण्यावर राहिलेलं जिवाणी, म्हणजे अडकलेल्या जीवांसकटचं पाणी, अलगद त्याच विहिरीत परत सोडायच्या. टँक घरात येणंच त्यांना पटलं नव्हतं, नातवापुढे त्यांचं काही चाललं नाही इतकंच. खाणं मी सूर्यास्ताआधी घालते, म्हणजे आमचे मासेही अनस्तमित पाळतात. खाण्याच्या डबीवर बारीक अक्षरात काय-काय लिहिलंय ते मात्र मी घरात मोठ्यानं वाचलेलं नाही.

तर सांगा, यांना न मारता घालवता येईल का? आणि मारावंच लागणार असेल तर निदान कुणाला, ते तरी सांगा. सगळ्यांना एका बाटलीत घालणं मला जमणार नाही.

बागायतदार_तासगाव, १२ मे

अक्का, मी एक चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारायला आमच्याकडं मोरचूद कायम असतोय. गोगलगायीला कंटाळून मी टँकमध्ये शेंगदाण्याएवढा खडा टाकला. गोगलगायी एका रात्रीत साफ. श्रिंप पण साफ. मेलेल्या गोगलगायी वाळूत सडल्या, पाण्याला असा वास सुटला की मंडळींनी टँकच अंगणात काढला. मासे पण निम्मे गेले. मोरचुदात तांबं असतंय, आणि तांबं म्हणजे कोळंबीच्या जातीला विषच. माशाच्या दुकानातल्या बऱ्याच औषधांतही तांबं असतंय, बाटलीवर बघून घ्या. बाकी तुमचा तो इस्त्रीवाला काय आहे ते मला माहीत नाही, पण वर्णन वाचून मी पण रात्री बॅटरी घेऊन माझ्या टँकपुढं बसलोय.

निवृत्त_परिचर (मिरज), १३ मे

अक्का, नमस्कार. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होतो. प्राध्यापक बदलत गेले, बरण्या पुसणारा मीच राहिलो. पोरांच्या जर्नलमध्ये तुमच्याइतकं नीट वर्णन क्वचित वाचायला मिळायचं.

दोरे हे गांडुळाच्या भावकीतले. भिंगाखाली धरलेत तर अंगावर तशीच वळी दिसतील. उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, सडलेलं पान हे त्यांचं जेवण. वाळूत ते बहुतेक प्रत्येक टँकमध्ये असतात, फक्त दिसत नाहीत. लाइट गेल्यावर शेकड्यांनी वर आले त्याचं कारण साधं आहे. एअर पंप थांबला, वाळूतला ऑक्सिजन संपला, म्हणून ते श्वासासाठी वर आले. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यातली सांगलीची दुपार आणि त्यात पंप बंद. ते कुणाला चावत नाहीत, माशांच्या अंगात शिरत नाहीत. उलट गप्पी त्यांना शेवयांसारखेच ओढून खातात. पण ते इतके झालेत याचा अर्थ इतक्यांना पुरेल एवढं अन्न रोज खाली पडतंय. म्हणून माझा पहिला प्रश्न असा: टँकला खाणं घरात कोण-कोण घालतं?

टुणकन उडणारे ठिपके म्हणजे सायक्लॉप्स. मादी असेल तर शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतात. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं नाव. टँकमध्ये हा निरुपद्रवी आहे, गप्पीच्या पिल्लांना याच्यासारखं खाणं विकत मिळणार नाही. पण याच सायक्लॉप्सनं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माणसं लोळवली. नारू याच्यातून व्हायचा. माझी आजी जत तालुक्यातली. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे. पायाच्या फोडातून नारूची मादी पाण्यात अळ्या सोडायची, त्या अळ्या सायक्लॉप्स गिळायचा आणि सायक्लॉप्सला माणूस पाण्याबरोबर पिऊन टाकायचा. वर्षभरानं पायातून दीड-दोन हात लांब दोरा बाहेर. आजी सांगायची, काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचे, तुटला तर मेलात. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय काय होता माहीत आहे? दुहेरी फडकं. सायक्लॉप्स फडक्यातून जात नाही. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या आजीच्या गावानं त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुमची इस्त्री. तिचं नाव प्लॅनेरिया. चपट्या कृमींच्या गटातला प्राणी. मी याची स्लाइड इतक्या वेळा पुसलीय की झोपेतही ओळखेन. पोटाखालच्या सूक्ष्म केसांवर चालतो म्हणून सरकताना दिसतो. डोळ्यांच्या ठिपक्यांपाशी रंग एका बाजूलाच असतो, त्यामुळे तिरळा वाटतो. प्रकाशाला घाबरतो, रात्री शिकारीला निघतो. तोंड डोक्याला नाही, पोटाच्या मध्यावर आहे, तिथून नळी बाहेर काढून भक्ष्य शोषतो. मोठ्या गप्पींना याच्यापासून काही नाही. पण श्रिंपची अंडी, नुकती जन्मलेली पिल्लं, कात टाकून मऊ पडलेली श्रिंप ही याची मेजवानी. तुमची लाल राई कुठे गेली ते आता कळलं असेल.

एक गोष्ट अजिबात करू नका: याला काचेवर चिरडू नका, ब्लेडनं खरवडू नका. टॉमस हंट मॉर्गन हे पुढे फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १८९८ मध्ये प्लॅनेरिया कापून पाहिले होते. दोनशे एकोणऐंशीवा भाग एवढ्याशा तुकड्यातूनही पुरता प्राणी वाढला अशी त्यांची नोंद आहे. म्हणजे तुमच्या सातांचे किती होतील हा हिशेब तुम्हीच करा.

न मारता काढायची युक्ती आम्ही प्रयोगशाळेत वापरायचो ती सांगतो. प्रात्यक्षिकाला जिवंत प्लॅनेरिया लागायचे तेव्हा ओढ्याच्या दगडाखाली कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून सोडायचो. तासाभरानं ओढला की तुकड्याला लटकलेले असायचे. टँकमध्ये त्याऐवजी औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, तापवलेल्या सुईनं दोन मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा, आत आमिष घाला, खडा घालून वाळूवर आडवी ठेवा. दिवा बंद. दोन-तीन तासांनी बाटली सावकाश वर काढा. मोठं श्रिंप दोन मिलिमीटरच्या भोकातून जात नाही. चुकून पिल्लू गेलं तर चमच्यानं परत सोडा. रोज करा, सलग दोन रात्री काही आलं नाही तरी आणखी आठवडाभर करा, कारण यांचे अंड्यांचे कोषही असतात आणि त्यातून नवे निघतात.

औषध आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या आणि कुत्र्यांच्या जंतांवर देतात ते फेनबेंडाझोल लोक वापरतात, प्लॅनेरियावरही आणि हायड्रा नावाच्या दुसऱ्या एका बारीक पाणजीवावरही. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, वाळूत रेंगाळतं, आणि काही जातींच्या गोगलगायींना त्यामुळे टँक पुढे बराच काळ मानवत नाही. शिवाय जनावरांच्या दुकानात "जंताचं द्या" एवढंच म्हणालात तर हातात आयव्हरमेक्टिनही पडू शकतं, आणि त्यानं श्रिंपचा खातमा होतो. तुम्हाला मारायचंच नाही, तेव्हा हा विषय सोडा.

तुरटीचं सांगायचं राहिलं. तुरटी गाळ खाली बसवते, खडा फिरवण्याएवढ्या तुरटीनं हे किडे मरत नाहीत. गाळ बसवताना पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, एकदम ढळतो. सांगलीच्या बोअरचं जड पाणी असेल तर ते थोडं सांभाळून घेतं, नळाचं पाणी तेवढं घेत नाही. श्रिंपना कमी-जास्त सामू चालतो, एका रात्रीत बदललेला चालत नाही.

करायचं एवढंच: खाणं दोन दिवसांतून एकदा, आणि दोन मिनिटांत संपेल तेवढंच. दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी नळीनं तळातून ओढून काढा, नळीचं टोक वाळूत खुपसून. ते पाणी झाडांना. नदीत मात्र काही सोडू नका, ना गोगलगाय, ना मॉस, ना गप्पी. टँकमधून सुटलेला सकर मासा आज कोळ्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला कुणी विकतही घेत नाही.

अक्का_विश्रामबाग (सांगली), १३ मे

काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि नारूचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त "हं" म्हटलं, पण संध्याकाळी फडकं धुताना जरा जास्तच रुबाबात धूत होत्या.

खाणं फक्त मीच घालते. तेही मुलानं सांगितलं तेवढंच. त्यामुळे ते कारण माझ्याकडे लागू पडेल असं वाटत नाही. कलेजी आमच्या घरात येणं शक्य नाही, हे तुम्हाला सांगायला नको. श्रिंपसाठी मुलानं बुडणाऱ्या गोळ्या आणून ठेवल्यात, त्या चालतील का? आणि काढलेल्या प्लॅनेरियाचं करायचं काय? आमच्याकडे नियम असा की गाळलेलं मूळ पाण्यात परत सोडायचं. यांचं मूळ पाणी कुठलं हे कोण सांगणार? मी एप्रिलात मॉसची पुडी आणली, बहुतेक तिच्यातून आले. ती पुडी कुठल्या गावाहून आली ते दुकानदारालाही ठाऊक नसेल.

निवृत्त_परिचर (मिरज), १३ मे

गोळी चालेल. जरा उशिरा येतील, पण येतील. पकडलेले टँकच्याच पाण्यात एका बरणीत ठेवा, झाकण सैल, उन्हात नको. बाकी पुढे बघू. आणि खाण्याच्या बाबतीत रागावू नका, पण मी एकतीस वर्षं मुलांची उत्तरं ऐकलीत. "सर, मी काहीच हात लावला नाही" म्हणणाऱ्याच्या शेजाऱ्याकडे आधी बघायचं, एवढं शिकलोय.

मॉसवाला_सातारा, १४ मे

अक्का, काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त एक भर घालतो. प्लॅनेरियासाठी 'नो प्लॅनेरिया' नावाची पावडर मिळते, तिच्यात सुपारीचा अर्क असतो. म्हणजे आपण त्यांची अक्षरशः सुपारीच देतो. तुम्ही जैन आहात म्हणून हा पर्याय तुमच्यासाठी बादच, पण दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो: डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा कणभर जास्त टाकायची नाही, आधी टँकमधल्या शोभेच्या गोगलगायी, विशेषतः नेराइट, दुसरीकडे हलवायच्या, आणि नंतर पाणी बदलायचं, कारण मेलेले प्लॅनेरिया कुजून अमोनिया चढतो. आणि कृपा करून आजोबांच्या पानाच्या डब्यातली सुपारी खलून टाकू नका. माझ्या एका मित्रानं टाकली होती. पाणी तपकिरी झालं, घरी वेगळा तमाशा झाला.

गोगलगायींबद्दल: तुमच्याकडे त्या इतक्या वाढतात त्यात तुमच्या पाण्याचाही हात आहे. साताऱ्यात आम्हाला कासच्या तलावाचं पाणी येतं, ते मऊ. माझ्या टँकमध्ये गोगलगायींच्या शंखांना वर पांढरे खड्डे पडतात, कारण शंखाला लागणारं कॅल्शियमच पाण्यात कमी. जड पाण्यात त्यांची चंगळ. साधी टाकीतली गोगलगाय एकटी असली तरी अंडी घालते, जोडीदार लागत नाही. म्हणून "एक आली होती" हे तुमचं वाक्य मला शंभर टक्के खरं वाटतं. रात्री काकडीची जाड चकती काट्याला टोचून तळाशी ठेवा, पहाटे चकतीसकट उचला. पाच-सहा रात्रीत पावशेराचे छटाक होतील. वाळूतून रात्री वर येणारी लांब टोकदार शंखाची असेल तर ती वेगळी, ती थेट पिल्लं घालते. ती मात्र वाळू खालीवर करत राहते, म्हणून मी तिला हाकलत नाही.

तुरटीचा खरा उपयोग टँकच्या बाहेर. नवीन झाड आणलं की मी बादलीत चार लिटर पाण्याला दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवतो आणि झाड त्यात दोन दिवस बुडवून ठेवतो. मग तीन पाण्यांनी धुऊन टँकमध्ये. गोगलगायीची अंडी जेलीच्या थेंबासारखी पानाच्या मागे असतात, ती नखानं आधीच काढायची. तुम्ही तुरटी नाही वापरलीत तरी नवीन झाड निदान दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवा आणि रात्री बॅटरी मारून बघा. जे काय असेल ते तिथेच दिसेल.

अक्का_विश्रामबाग (सांगली), ५ जून

उशिरा लिहितेय, पण लिहिण्यासारखं बरंच झालंय.

बाटली केली. खोकल्याच्या औषधाची. पहिल्या रात्री गोळीवर अकरा इस्त्र्या बसलेल्या. दुसऱ्या रात्री नऊ, मग सहा, मग तीन. मोजदाद सासऱ्यांनी केली, त्यांना रात्री झोप लागत नाही आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोजायला काही नव्हतं. एकूण चौतीस. सगळ्या कैरीच्या लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत. गेल्या पाच रात्री शून्य. कालपरवा मॉसमध्ये लाल राई दिसली. चार दाणे, पण दिसली.

काकडीलाही गोगलगायी येतात. आमच्या काकडीला मी मीठ लावलं नव्हतं हे तासगावच्या भावांसाठी मुद्दाम सांगते, ते हसतील.

पण दोरे काही हटेनात. दोन दिवसांतून एकदा खाणं, आठवड्याला बारा लिटर पाणी ओढायचं, सगळं काकांच्या शब्दाबरहुकूम. पाणी स्वच्छ, वाळू स्वच्छ, आणि दोरे जिथल्या तिथे. तीन आठवडे. मी तर काकांवरच रागावायच्या बेतात होते.

मग गेल्या रविवारी मी पाणी ओढून बादली मागच्या अंगणात ठेवली आणि भाजी घ्यायला गेले. पिशवी विसरले म्हणून परत आले, तर सासूबाई बादलीतलं पाणी फडक्यातून गाळत होत्या. गाळलेलं पाणी तुळशीला. आणि फडक्यावर राहिलेलं सगळं वाटीभर पाण्यात धुऊन, तीच वाटी घेऊन निघाल्या टँककडे.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

त्या म्हणाल्या, "मूळ पाण्यात नको का सोडायला? तूच तर वाचून दाखवलंस गाळण्याचं."

तीन रविवार त्यांनी हेच केलं होतं. मी पुढच्या दाराने दोरे बाहेर काढत होते आणि त्या मागच्या दाराने त्यांना सन्मानानं घरी आणत होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि ती पोळी?" कुठली पोळी? तर रोज सूर्यास्ताआधी, माझं दळणाचं काम चाललेलं असताना, सासूबाई पोळीचा चुरा घालतात. चिमूटभर नाही, मूठभर. मुलगा गेल्यापासून. "लेकरू पुण्याला मेसमध्ये काय खातं कुणास ठाऊक, निदान त्याचे मासे तरी उपाशी नकोत." मेच्या सुरुवातीला आमरसाच्या दिवसांत पोळ्या जास्त होत होत्या, तेव्हा चुराही जास्त. दोरे तेव्हाच वाढले. तारखा जुळतात. सासऱ्यांनी वहीत जुळवून दाखवल्या.

काका, तुम्ही शेजाऱ्याकडे बघ म्हणालात. मी स्वयंपाकघरात बघायला हवं होतं.

आता तोडगा निघालाय. तोही त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं असं की हे जीव दुकानातल्या पुडीतून आले, त्यांचं मूळ पाणी आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा आपण त्यांना आपलं पाणी द्यायचं. मागच्या अंगणात जुनं दगडी डोणं होतं, त्यात टँकचंच पाणी आणि व्हॅलिस्नेरियाची दोन रोपं. दर रविवारी वाटी तिकडे जाते. गोगलगायीही तिकडेच. पोळी बंद झालेली नाही, पण तीही डोण्यात, आणि तीही चिमूट. चिमूट कुणाची धरायची यावर अजून चर्चा चालू आहे.

मुलाला सगळं सांगितलं. तुरटीसकट. तो म्हणाला, "आज्जीला ओरडू नकोस."

निवृत्त_परिचर (मिरज), ६ जून

अक्का, मी हे घरात वाचून दाखवलं तेव्हा आमच्या मंडळींनी चहा सांडला.

दोन गोष्टी. एक, मृग तोंडावर आलाय. डोण्यात साठलेलं पाणी आणि वर पोळी, डासांच्या अळ्या आठवड्यात दिसतील. डेंग्यू कशाला बोलवायचा? डोण्यातही दोन-चार गप्पी सोडा. पावसात डोणं भरून वाहिलं तर गप्पी गटारात जातील, तेव्हा कडेपासून चार बोटं रिकामं ठेवा.

दुसरं, ती लोणच्याची बरणी. माझी नात सातवीत आहे, तिला जिवंत प्लॅनेरिया दाखवायचाय. सांगली-मिरज काय, अर्ध्या तासाचा रस्ता. येऊन घेऊन जाऊ का?

अक्का_विश्रामबाग (सांगली), ६ जून

या की. रविवारी या, नातीलाही आणा, जेवूनच जा, मात्र जेवण सूर्यास्ताआधी. बरणी तयार आहे. अट एकच, ती सासूबाईंची आहे आणि त्यांनी मला तीनदा सांगून लिहायला लावलीय: नातीला दाखवा, वाटेल तेवढं दाखवा, पण कापायचे नाहीत.

डोण्यात गप्पी सोडले. चार. दोऱ्यांवर तुटून पडले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ते त्यांचं ते बघतील," आणि फडकं वाळत घालायला गेल्या.